मुकादमाचा मंगळवार

सोम. १९ मे

दादा हो म्हणाले. तसे दादा कुणालाच नाही म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांच्या 'हो'वर उड्या मारायच्या नसतात, हे दिवाळीत इथं भोरात त्यांच्याकडं नोकरीला लागले तेव्हाच शिकले. पण आज त्यांनी खालच्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर स्वतः उचलून वर आणून दिला. घामाघूम झाले होते. "घे बाई, कर काय करायचंय ते." जिना चढून आलेला होकार म्हणजे खरा होकार.

प्लॅन असा. यापुढे टिलर बुक करायचं आमचं ॲप कुणाच्याच लॅपटॉपवरनं बाहेर जाणार नाही. माझ्या नाही, ओंकारच्या नाही, दादांच्या तर नाहीच. तिघांनीही आपापला कोड रेपोत, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सामायिक कपाटात, टाकायचा आणि कोपऱ्यातला हा सर्व्हर रेपोला जोडून ठेवायचा. काही बदललं की तो आपणहून कोड उचलणार, सगळ्या टेस्ट चालवणार, आणि पास झाल्या तरच नवीन ॲप बांधून देणार. एक जरी नापास झाली तर ॲप जाग्यावर. पुण्याच्या कंपनीत हे सगळं होतं, पण त्या सर्व्हरला हात लावणारी टीम वेगळी. आम्ही लांबून लाल-हिरवं बघायचं. हा अख्खा माझा.

का करतेय तेही लिहून ठेवते, नंतर डोक्यात घोळ नको. मागच्या भाताच्या चिखलणीत एकाच टिलरवर एकाच दिवशी दोन नावं लागली. तीही आमच्याच वाडीत, एक माझ्या वडिलांचं, आबांचं आणि एक शेजारच्या आप्पांचं. दोघं बांधावर भांडले, टिलर मध्ये. मी तेव्हा पुण्यात. ओंकारनं पेनड्राइव्हवरनं जुनी फाईल पाठवली म्हणून झालं, असं दादांनी मंदाकाकींना सांगितलं. काकी विंझरच्या. त्यांचा बायकांचा गट अवजार बँक चालवतो, पाच गावांचे टिलर त्यांच्या हातात. काकींचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: "आनखी एकदा असं झालं तर तुमचं ॲप नगं. आपला फोन बरा."

काकी गेल्या तर दादा वरचं ऑफिस बंद करून नुसतं झेरॉक्स चालवणार. आणि मी परत पुण्याला, त्या हॉस्टेलच्या खोलीत. जुन्या मॅनेजरचा मेसेज आलाय, जागा आहे, जून संपेपर्यंत कळव.

मला जायचं नाहीये.

मं. २० मे

बाजार. मंगळवारी वर कुणी बसत नाही, आम्ही सगळे खाली दुकानात. आधारची झेरॉक्स, सातबारा, परत आधारची झेरॉक्स. शाई मनगटापर्यंत. जीव सगळा वर कोपऱ्यात अडकलेला.

बु. २१ मे

कॉम्प्युटर उघडला तर आत धुळीची गादी. ओंकारनं शेजारच्या पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारून आणला. पंक्चरवाला म्हणे, ट्यूब कुठंय?

दुपारपर्यंत नवीन सिस्टिम टाकली, संध्याकाळी सर्व्हरचं सॉफ्टवेअर. सुरू होताना नाव विचारतं. मी 'सर्व्हर १' टाइप करत होते तर ओं. म्हणाला, "मुकादम ठेव. सोता काम करत न्हाई, पन दुसऱ्याचं बघितल्याबिगर सोडत न्हाई." ठेवलं. ओं. उत्रोलीचा. बोलतो कमी, पण बोलला की असं काहीतरी.

ऑफिसात त्याला सगळे 'पेनड्राइव्ह' म्हणतात. मीही म्हणते. हसतो.

गु. २२ मे

अख्खा दिवस एकच ओळ. परवानगी नाही. परवानगी नाही. परवानगी नाही.

रेपोत शिरायला मुकादमाला किल्ली लागते. किल्लीचे दोन भाग असतात, एक आपल्याजवळ लपवून ठेवायचा, दुसरा रेपोला देऊन ठेवायचा. दोन्ही केलं होतं. चार वेळा केलं. दादा मागं उभे राहून, "राहू दे, उद्या होईल." मी त्यांच्यावर खेकसले. बिचारे चहा घेऊन आले.

संध्याकाळी स्कूटीवर, कापूरहोळच्या चौकात थांबले असताना डोक्यात आलं. किल्ली मी बनवली माझ्या नावानं लॉगिन करून. पण मुकादम त्या मशीनवर स्वतःच्या वेगळ्या नावानं चालतो. म्हणजे किल्ली माझ्या खिशात आणि दारात उभा तो. ढाब्यासमोर एकटीच हसत बसले. मागून टेम्पोवाला हॉर्न मारून दमला.

शु. २३ मे

उघडलं. दार उघडलं.

मुकादमाच्या नावानं नवी किल्ली, पहिल्या झटक्यात आत. आत जाऊन म्हणतो, 'मास्टर' नावाची शाखा सापडत नाही. अरे बाबा, आमच्या शाखेचं नाव 'मेन' आहे. सेटिंगमध्ये बदललं, परत चालवलं, आणि मग आमचा कोड एकेक फाईल करत खाली उतरताना दिसला. दादांनी लिहिलेलं, ओं.नं लिहिलेलं, माझं, सगळं. मी खुर्चीवरनं उठून उभी राहिले. ओं. पण उभा राहिला. दोघं राष्ट्रगीताला उभे राहिल्यासारखे.

दुपारी नवीन भानगड. रेपोत काही बदललं की रेपोनं मुकादमाला हाक मारायची, अशी सोय असते. हाक येतच नाही. शोधल्यावर कळलं की आमच्या ब्रॉडबँडला बाहेरून पत्ताच नाही. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कुणाला येता येत नाही. मग उलटं केलं. मुकादमच दर थोड्या वेळानं रेपोला विचारणार, काही नवीन? काही नवीन?

दादा: "आमच्या आईसारखं आहे हे. जेवलास का, जेवलास का."

श. २४ मे

हिरवा. सगळ्या टेस्ट पास, ॲप बांधून तयार, कुणीही हात न लावता. लई भारी वाटलं, इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं सांगू.

मग विश्वास बसेना म्हणून ओं.ला मुद्दाम एक चूक घालायला लावली. रेपोत टाकली, तिघं डोळे लावून बसलो. मुकादमानं विचारलं, उचललं, चालवलं, आणि लाल. ॲप बांधायला साफ नकार. आम्ही टाळ्या वाजवल्या. लाल बघून टाळ्या वाजवणारी माणसं आम्हीच.

दादा मात्र लाल ओळीकडे बघत राहिले. "तोंडावर नाही म्हणतो की हा."

रवि. २५ मे

घरी. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आठवडाभर तिथं काय केलंस, सांग तरी." सांगितलं. तिघं मिळून लिहितो ते एका ठिकाणी जमा होतं, आणि तिथं एक मुकादम ठेवलाय, तो रोज तपासतो, चुकलेलं असलं तर गावात जाऊ देत नाही.

"मग मागल्या साली ह्यो असता तर?"

"तर आबांचं आणि आप्पांचं भांडण झालं नसतं."

आबा ओट्यावर होते. ऐकलं, उठले, गोठ्याकडं गेले. वर्ष होत आलं, दोघं बोलत नाहीत. आधी रोज संध्याकाळी आप्पा आमच्या ओट्यावर असायचे, तंबाखूची डबीसुद्धा दोघांत एकच. आता आप्पांनी डबी नवी घेतलीय. लांबून दिसते, लाल झाकणाची.

सोम. २६ मे

ओं.नं गणपतीच्या डेकोरेशनची माळ आणली. अर्धी लाल, अर्धी हिरवी. मुकादमाला जोडली आणि वायर जिन्यावरनं खाली दुकानात नेली. म्हणजे मंगळवारी आम्ही खाली असलो तरी दिसावं. गिऱ्हाईक विचारतात, मालक, आत्तापासनंच गणपती? दादा त्यांना मुकादम समजावून सांगतात. चूक नसलेलंही सांगतात, चूक असलेलंही सांगतात, पण खुशीत.

मी आणखी एक केलं. कोड बदलो न बदलो, रोज सकाळी एकदा सगळ्या टेस्ट चालवायच्या. दुधाच्या वेळेला दूध.

मं. २७ मे

लाल.

बाजाराची गर्दी, आणि दुकानात लाल माळ. कुणीच काल काही टाकलेलं नाही. वर पळाले. एकच टेस्ट नापास. ॲपमधल्या 'लगेच हवा' बटणाची, आजच्या आज टिलर मागायच्या. खाली कारण लिहिलेलं: एका टिलरवर एका दिवशी दोन नावं.

हीच ती मागच्या वर्षीची चूक.

ओं. मागं येऊन उभा. वाचलं. खाली गेला.

बु. २८ मे

हिरवा. आपणहून. कुणी बोट लावलेलं नाही.

दादा: "बरं झालं."

बरं कसं झालं? कारण नसताना बरं झालेलं दुखणं मला चालत नाही. मला वाटतं रेपो आणि मुकादम यांच्यातलं माझंच जोडकाम कच्चं आहे. काल त्यानं कुठूनतरी जुना कोड उचलला असणार.

शु. ३० मे

दोन दिवस नुसती शोधाशोध. किल्ली नवीन केली. प्रत्येक वेळी मुकादमाची कामाची जागा पुसून कोड कोरा उचलायला लावला. मग मंगळवारी उचललेला कोड आणि बुधवारी उचललेला कोड शेजारी शेजारी ठेवून जुळवले. अक्षर न् अक्षर तेच. जोडकाम पक्कं आहे. कोड तोच, मशीन तेच, टेस्ट तीच, आणि निकाल वेगळा.

ओं.: "ताप आलता, उतरला."

चिडावं की हसावं. खरं सांगायचं तर मजा येतेय. पुण्यात असं काही झालं की वरच्या मजल्यावर कुणीतरी तिकीट बंद करून टाकायचं, आपल्याला कळायचंच नाही काय झालं होतं. हे माझं आहे, मी सोडणार नाही.

जाता जाता दादांनी सांगितलं, मंदाकाकींचा फोन होता. त्यांची लेक भोरात दिलीय, तिच्याकडं दहा तारखेला येणार आहेत. तेव्हाच ऑफिसात येऊन मुकादम बघणार. हिरवा असला तर ॲपचं पुढं बोलू, म्हणाल्या. दादा हो म्हणाले. अर्थात.

दहा तारीख म्हणजे कोणता वार, ते मी कॅलेंडरवर बघितलं. मंगळवार.

मं. ३ जून

लाल. तीच टेस्ट, तेच कारण. आता नक्की झालं, हा ताप फक्त मंगळवारी येतो. दिवसभर झेरॉक्स काढत डोकं खाजवलं. बाजाराचा मुकादमाशी काय संबंध? मंगळवारी आम्ही वर नसतो म्हणून त्याला राग येतो का? ओं.ला हे विचारलं तर त्यानं माझ्याकडं काळजीनं बघितलं.

संध्याकाळी घरी येताना विंझरच्या पुढं रस्त्यालगत दोन ठिकाणी टिलर चाललेले. सगळ्यांची तरवा टाकायची, भाताची रोपं करायची घाई. आमच्या वाडीत शिरले तर अख्खं शिवार गप्प. बँकेचा टिलर देवळापुढं निळ्या ताडपत्रीखाली उभा. एवढ्या घाईत का उभा, असं मनात येतंय तोवर मी स्कूटी रस्त्यात मध्येच थांबवली.

आज मंगळवार. आज आमच्या वाडीची पाळणूक.

जन्मापासून माहिती आहे. मंगळवार देवीचा, आमच्याकडं त्या दिवशी औत धरत नाहीत, टिलरसुद्धा औतच. प्रत्येक गावाचा वार वेगळा, आणि ते सगळे वार आमच्या ॲपमध्ये भरलेले आहेत. त्या टेस्टमध्ये मी नमुन्याला गाव टाकलंय आमची वाडी. दुसरं कोणतं टाकणार? इतके दिवस कुणी मंगळवारी टेस्ट चालवल्याच नव्हत्या, कारण मंगळवारी आम्ही सगळे खाली. मुकादम एकटा वर बसून काम करतोय म्हणून सापडलं.

घरात शिरल्या शिरल्या आईला विचारलं, मागल्या साली भांडण झालं तो वार कुठला?

"बुधवार. आदल्या दिशी टिलर गोठ्यापुढं नुसता हुबा, पाळणूक म्हनून. बुधवारी सकाळी तुजा बाप गेला तर आप्पा बी आलेला, हातात मोबाईल घेऊन. माजं नाव हाय म्हनं."

बुधवार.

बु. ४ जून

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात. 'लगेच हवा'च्या आतला कोड वाचला. मी इथं यायच्या आधीचा, दादांच्या हातचा. आजचा दिवस पाळणुकीचा असेल तर काय करायचं? सरळ सांगायचं ना, आज मिळणार नाही. नाही. तो गुपचूप नाव उद्यावर सरकवतो आणि शेतकऱ्याला सांगतो, ठीक आहे, टिलर मिळाला. उद्या तो टिलर कुणाच्या नावावर आहे का, हे बघतच नाही. माझ्या टेस्टच्या नमुन्यात उद्याचं नाव आधीच लागलेलं असतं, म्हणून मंगळवारी दोन.

मंगळवारी आप्पांनी 'लगेच हवा' दाबलं. बुधवार आधीच आबांचा होता.

जुनी फाईल नव्हतीच. पेनड्राइव्ह नव्हताच. दादांचा प्रोग्राम दादांसारखाच आहे, तोंडावर नाही म्हणत नाही.

दादा आले, त्यांना दाखवलं. दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाले, "टेस्टमधलं गाव बदल. दुसरं कुठलंही टाक. दहा तारखेला हिरवा राहील. बाकीचं पावसाळ्यानंतर सावकाश करू."

माझा आवाज चढला. खाली दुकानात ऐकू गेला असणार. म्हटलं, दादा, मुकादम कशाला आणलाय मग? त्याचं तोंड दाबायला? मला पुण्याला जायचं नाहीये, पण असं करून राहायचं असेल तर उद्याच जाते. आणि ओंकारचं काय? वर्षभर आपण त्याला काय म्हणतोय?

दादा उठले. खाली जाऊन झेरॉक्सच्या मशीनचं झाकण पुसत बसले. स्वच्छच होतं.

गु. ५ जून

ओं.ला मीच सांगितलं. जिन्यात. सगळं, मागल्या वर्षीच्या त्या बुधवारपासून.

त्याचा चेहरा बघवेना. म्हणाला, "मी तवा फाईल बघूनच पाठवलती. नवीच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"दादा म्हनले जुनी, तर म्हटलं आसंल. आपल्याला काय म्हाईत."

मला रडू आलं, त्याला नाही. तो वर जाऊन मुकादमासमोर बसला आणि मंगळवारची लाल ओळ परत परत वाचत राहिला. जेवणाच्या सुट्टीत तिघांचे वडापाव आणले. दादांचा दादांच्या टेबलावर ठेवला. दादांनी खाल्ला नाही, पण परतही दिला नाही.

आजपासून मी त्याला ओंकार म्हणते. इथंसुद्धा पूर्ण लिहीन.

श. ७ जून

दादांनी स्वतः बदललं. सकाळी येऊन लॅपटॉप उघडला. आम्ही दोघं आपापल्या स्क्रीनकडं बघायचं नाटक करत होतो.

पाळणुकीच्या दिवशी शेतकऱ्याला काय दिसावं, ते पहिल्यांदा लिहिलं ते असं: 'क्षमस्व, आपल्या भावनांचा आदर राखून नम्रपणे कळविण्यात येते की' आणि पुढं एवढं मोठं की मोबाईलमध्ये मावेना. ओंकारनं कापत कापत आणलं. आज तुमच्या गावाची पाळणूक आहे. आज टिलर मिळणार नाही. पुढचा रिकामा दिवस शुक्रवार. चालेल का?

दादा 'मिळणार नाही'कडे बघून म्हणाले, "जरा जास्तच होतंय का रे?"

"न्हाई दादा," ओंकार म्हणाला. "एवढंच पायजे."

आधीच्या टेस्टशेजारी मी सातही वारांच्या टेस्ट घातल्या, पाचही गावांसाठी. म्हणजे मंगळवारची वाट बघायला नको. दादांनी कोड रेपोत टाकला. मुकादमानं विचारलं, उचललं, चालवलं, लाल. दादा एका गावाची रविवारची पाळणूक विसरले होते. "माझंसुद्धा ऐकत नाही हा," म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले. दुरुस्त केलं. परत टाकलं.

हिरवा. सगळे वार, सगळी गावं. मी ओंकारला टाळी दिली तर हात झिणझिणला.

सोम. ९ जून

कोड दुरुस्त झाला, पण काकींना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. मागच्या वर्षीचं. दादांना दोनदा विचारलं, दोनदा म्हणाले, हो हो, सांगतो. मला त्यांचं हो हो कळतं.

सांगितलं तर काकी उठून जातील, ही भीती मलाही आहे. ॲप पहिल्यापासून चुकीचं होतं असं ऐकल्यावर कोण थांबेल? न सांगता नुसता हिरवा दाखवला तर बहुतेक राहतील, मीही इथंच राहीन, सगळं माझ्या मनासारखं. फक्त ओंकार पेनड्राइव्हच राहील.

ठरवलंय. दादा नाही बोलले तर मी बोलणार.

मं. १० जून

क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं एकदम येईल.

सकाळी दुकान उघडताना माळेकडं बघायची हिंमत होईना. ओंकारनं बघितलं. हिरवा. मंगळवारी हिरवा. मी तिथंच बाकड्यावर बसले.

काकी बाजार करून आल्या, हातात भरलेली पिशवी. जिना चढल्या, मुकादमाला वरनं खालनं न्याहाळलं. "ह्यो व्हय? मला वाटलं मोठा आसंल." मी दाखवलं, कोड कुठून येतो, हा कसा विचारतो, कसा तपासतो. त्यांनी एकच विचारलं, "हिरवा खोटा बी आसतो का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा उठले. म्हणाले, "काकी, मागच्या वर्षीची चूक माझ्या प्रोग्रामात होती. पाळणुकीला नाही म्हणायचं मला जमलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या दिवसावर नाव सरकवत होता. ओंकारची फाईल बरोबर होती. त्याच्यावर मी ढकललं." एका दमात बोलले.

मी दादांना सात महिन्यांत असं सरळ बोलताना पाहिलेलं नाही. जवळ जाऊन मिठी मारावी वाटली. मारली नाही, दादांना ते चाललं नसतं.

काकींनी पिशवी खाली ठेवली. मग ओंकारकडं वळून, "म्हंजे ह्या लेकराचं कायच चुकलं नव्हतं?"

"नाही."

"आन् म्या गटात सगळ्यांम्होरं ह्याचं नाव घेऊन बोलले." दादांकडं असं बघितलं की दादा पायाकडं बघायला लागले. मग पिशवीत हात घालून जांभळं काढली आणि ओंकारच्या ओंजळीत ओतली. तो घेऊन तसाच उभा, कुठं ठेवावीत कळेना.

मी विचारलंच, राहवलं नाही. "काकी, मग ॲपचं?"

"आज तुमच्या वाडीची पाळणूक हाय बाय. आज नवं काय धरायचं न्हाई, हो बी म्हनायचं न्हाई आन् न्हाई बी म्हनायचं न्हाई." पिशवी उचलली. "उद्या ह्याला विंझरला पाठवा. ह्यालाच, दुसरं कुनी नगं. गटाच्या बायका बसतील. त्यांच्याम्होरं ह्याच्या हातनं माझ्या मोबाईलमधी घालून घेईन, आन् मग त्यास्नी इचारीन. त्या काय म्हनतील ते म्हनतील."

जिना उतरताना माळेकडं बोट करून, "ते बी गणपतीला परत करा."

ओंकार दिवसभर खाली दुकानात. जांभळं आम्हाला दिली नाहीत, एकेक करून एकट्यानं खाल्ली. जीभ जांभळी घेऊन गिऱ्हाइकांशी बोलत होता.

घरी येऊन आबांना सांगितलं. बुधवारचं, दादांचं, सगळं. आप्पांनी मुद्दाम काही केलं नव्हतं, त्यांच्या मोबाईलनंच त्यांना सांगितलं होतं टिलर मिळाला म्हणून. आबा ऐकत राहिले. मी म्हटलं, आप्पांना मी सांगून येते.

"नगं," म्हणाले. "म्या जातो."

चपला घातल्या, आणि मग परत आत येऊन फडताळातली तंबाखूची डबी घेऊन गेले. आई चहा ठेवू का म्हणून विचारतेय. मी म्हटलं, थांब जरा, किती कप ते कळू दे.

मॅनेजरला अजून काही लिहिलेलं नाही. उद्या बुधवार.